नाना हजर

कायद्याच्या पदवीला दोन रस्ते आहेत. बारावीनंतर ५ वर्षांचा, नाहीतर आधी दुसरी एखादी पदवी झाली असेल तर ३ वर्षांचा. दोन्ही रस्ते फिरून फिरून तालुका कोर्टाच्या पायरीशी येतात, आणि पायरीवर नाना बसलेले असतात.

नाना म्हणजे वकिलांचे कारकून. सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही तालुक्याला कोर्ट भरायच्या आधी अर्धा तास जाऊन बघा. मांडीवर फाईल, फाईलवर दाभण, दाभणात पांढरा दोरा, आणि तुम्हाला 'कोण पाहिजे?' न विचारता 'कुठल्या गावची तारीख?' असं विचारणारे जे कोणी दिसतील, ते नाना. कुठं त्यांना आण्णा म्हणतात, कुठं तात्या. शर्ट पांढरा, कारण साहेबांचा पांढरा. कोट नाही, कारण सनद नाही. बाकी सगळं आहे.

नवा वकील पहिल्या दिवशी कोर्टात येतो तेव्हा त्याच्याजवळ बऱ्याच गोष्टी असतात. १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टखाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलनं दिलेली सनद असते. घरच्यांनी हौसेनं शिवलेला काळा कोट असतो, गळ्यात दोन पांढऱ्या पट्ट्यांचा बँड असतो. डोक्यात केशवानंद भारती असतो: १९७३ साल, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, संसदेला घटनेचा मूळ ढाचा मोडता येत नाही. एवढी सामग्री घेऊन तो सीनियरच्या टेबलापाशी उभा राहतो. साहेब फोनवर असतात, ते मानेनंच 'नानांना भेटा' म्हणतात. नाना त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात, समोर एक वकीलपत्र टाकतात आणि विचारतात, "वेल्फेअरचं तिकीट कुठं लावतात?"

संसदेला काय मोडता येत नाही हे ठाऊक असलेला तो तरुण वकीलपत्राच्या चारी कोपऱ्यांकडे आळीपाळीनं बघत राहतो.

या धंद्यात सगळं सुरू होतं ते वकीलपत्रापासून. पक्षकारानं 'माझ्या वतीनं यांनी काम चालवावं' असं लिहून सही करायची, वकिलानं 'स्वीकारलं' म्हणून सही करायची, वर कोर्ट फीचा स्टॅम्प, शेजारी वकील कल्याण निधीचं तिकीट. मग कोर्ट तुमचं ऐकायला तयार होतं. नानांच्या मते घटना, कराराचा कायदा, पुराव्याचा कायदा, हे सगळं या तिकिटानंतर येतं. तिकीट नसलं की कागद खिडकीतूनच परत, आणि परत आलेल्या कागदावर कसला पुरावा नि कसलं काय. "पुस्तकात आहे का हे?" ते विचारतात. नसतं. नसतं हे नानांना माहीत असतं. तरी प्रत्येक नव्या ज्युनियरला विचारतात.

पदवी झाली, नाव नोंदलं, तरी अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावी लागते, तोवर वकिली पक्की नाही. त्या परीक्षेला कायद्याची मूळ पुस्तकं, म्हणजे टिपा आणि भाष्य नसलेली, सोबत नेता येतात, हे नानांना एका ज्युनियरकडून कळलं. तेव्हापासून ते कोड्यात होते. "पुस्तक उघडं ठेवून परीक्षा, आणि तरी पोरं नापास?" मग बऱ्याच दिवसांनी त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. "बरोबर आहे. पान कुठलं ते कळाय पाहिजे ना." कायद्याच्या शिक्षणावर इतकं नेमकं भाष्य मी कुठल्या आयोगाच्या अहवालात वाचलेलं नाही.

कोर्टाचा दिवस बोर्डानं सुरू होतो. बोर्ड म्हणजे आज कुठली कामं चालायची त्यांची यादी. नाना ती भिंतीवरून उतरवून घेत नाहीत, कारण आदल्या संध्याकाळीच त्यांनी ती आतून बघितलेली असते. कशी, हे विचारायचं नाही. ११च्या सुमाराला साहेब डायसवर येतात. (इथं साहेब म्हणजे न्यायाधीश. नानांच्या आयुष्यात दोन साहेब, आपले आणि वरचे. सध्या कुठल्या साहेबांबद्दल चाललंय ते आवाजावरून ओळखायचं. आवाज खाली गेला की वरचे.) मग पुकारा होतो. शिपाई दारात येऊन वादी-प्रतिवादीची नावं अशा काही चालीत ओरडतो की खुद्द वादीला आपलं नाव कळत नाही. नानांना कळतं. ते टपरीवर चहा घेत असोत नाहीतर नकला खात्याच्या खिडकीशी वाद घालत असोत, आपल्या फाईलचं नाव कानावर पडलं की चहा तिथंच राहतो.

पुकाऱ्याला वादीकडून कुणी नसलं तर दावा गैरहजेरीत निघतो. प्रतिवादीकडून कुणी नसलं तर एकतर्फी चालतो. मग तो पुन्हा उभा करायला वेगळा अर्ज, वेगळं शपथपत्र, आणि पक्षकाराला काय सांगायचं हा त्याहून वेगळा प्रश्न. म्हणून नानांच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा दोन शब्दांचा: 'वादीतर्फे हजर.' कोर्टामागच्या कडुलिंबाखाली ते ज्युनियरकडून चार-पाच वेळा म्हणवून घेतात. शेवटच्या वेळी जरा मोठ्यानं.

आणि तरी ऐन वेळी आवाज बसतो. त्यावर नानांचं औषध ठरलेलं आहे, गांधीजी. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिली केस चालवायला उभे राहिले. फी ठरली होती ३० रुपये. उलटतपासणीची वेळ आली आणि डोकं गरगरलं, तोंडातून शब्द फुटेना. ते खाली बसले आणि दुसरा वकील बघा म्हणाले. त्या दुसऱ्यानं ५१ रुपये घेतले. गांधींनी आत्मकथेत हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. नानांनी आत्मकथा वाचलेली नाही, त्यांना हे त्यांच्या आधीच्या कारकुनानं सांगितलं, पण आकडे ते बिनचूक सांगतात. ज्युनियरला वाटतं, आता धीर देतील. नाना म्हणतात, "३० रुपये परत करायला लागले बघा," आणि थांबतात.

दिवाणी दावा म्हणजे काय, हे नाना फाईल हातात घेऊन शिकवतात. दाखल होणाऱ्या प्रत्येक कागदाला निशाणी नंबर. निशाणी १ खुद्द दावा: हकीकत काय, दाव्याला कारण कधी घडलं, याच कोर्टाला अधिकार कसा, आणि मागणी काय. मध्ये यादी, वकीलपत्र वगैरे. आणि आपल्याकडं तात्पुरत्या मनाईचा अर्ज वर्षानुवर्षं पाचव्या नंबरावरच येत आलाय, इतका की त्या अर्जाचं नावच 'निशाणी पाच' पडलं आहे. बाहेरच्या राज्यातल्या वकिलाला हे सांगितलं तर त्याला कळायचं नाही. इथल्या शेतकऱ्याला बरोबर कळतं. "आमच्या पाचची तारीख हाय," असं म्हणत तो एसटीतून उतरतो.

समजा, बांधाचा दावा आहे. नाना उदाहरण नेहमी बांधाचंच देतात. करारभंग, बदनामी, भागीदारी, नवरा-बायकोचं भांडण, हे सगळे त्यांच्या मते बांधाचेच पोटप्रकार. शेजाऱ्यानं दरवर्षी नांगरता नांगरता बांध कोरला आणि आता त्या कोरलेल्या जागेत विहीर काढायला घेतली. दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण तोवर त्यानं विहीर पुरी केली तर निकाल घेऊन काय पाण्यात टाकायचा? म्हणून निशाणी पाच. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली एकोणचाळिसावी ऑर्डर. मनाई द्यायची का नाही हे ठरवताना कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी बाजू कुणाची दिसते, मनाई दिल्या-न दिल्यानं जास्त गैरसोय कुणाची, आणि पुढं पैशानंही भरून न येणारं नुकसान कुणाचं. कॉलेजात यावर मोठं उत्तर लिहायचं असतं. नानांचं उत्तर लहान आहे. "कागद कुणाचा, ताबा कुणाचा, आणि रडतंय कोण."

ज्यानं निशाणी पाच जिंकली त्यानं दावा जिंकला, हे नानांचं ठाम मत. नंतरची वर्षं हरलेला अपील करतो आणि जिंकलेला तारखा घेतो. वकीलमंडळींना हे मत उघडपणे मान्य नाही. खासगीत विचारून बघा.

मग कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर ९०. मग मुद्दे, मग पुरावा, सरतपासणीचं शपथपत्र, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल. ज्युनियर हे पाठ म्हणून दाखवतो. नाना कौतुकानं ऐकतात आणि म्हणतात, "हे कायद्यातले दिवस झाले."

कोर्टातले दिवस मुदत अर्जावर चालतात, आणि नानांच्या हातचा मुदत अर्ज हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. मृगात पेरणी. आषाढात वारी. दिवाळीनंतर ऊसतोड. उन्हाळ्यात लग्नसराई आणि गावची जत्रा. आणि बाराही महिने चालणारं 'वादीचे वकील जिल्हा न्यायालयात कामात गुंतले असल्याने'. पक्षकाराच्या घरातली आजारी माणसं मात्र नाना जपून वापरतात. एका दाव्यात एक सासू एकदाच. का, तर "न्यायाधीश तीन वर्षांनी बदलतो, रोजनामा बदलत नाही." रोजनामा म्हणजे दर तारखेला काय झालं याची कोर्टानं ठेवलेली नोंद. एका दाव्यातली वारलेली सासू पुढं काही वर्षांनी मिरजेच्या दवाखान्यात भरती झाल्याचं रोजनाम्यानंच उघडं पाडलं होतं. ते काम शेजारच्या टेबलावरचं, आपलं नव्हे, हे सांगायला नाना विसरत नाहीत.

एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत, असं संहितेत २००२ पासून लिहिलेलं आहे. नाना ते नाकारत नाहीत. त्यांनी त्याचा अर्थ लावलाय. "प्रत्येक स्टेजला तीन."

एवढ्या मुदतीत माणसं मरतात. वादी मयत झाला तर ९० दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर लावायचे, नाहीतर दावा त्याच्यापुरता तिथंच आटोपतो. त्यामुळं तालुक्यातल्या मयताला नाना जातातच. दहाव्याच्या घाटावर ते कोपऱ्यात उभे राहून हळू आवाजात घरच्यांची चौकशी करतात: थोरला काय करतो, धाकटी कुठं दिली, मधली दिसली नाही ती कुठं असते. लोकांना वाटतं, केवढा जिव्हाळ्याचा माणूस. जिव्हाळा असतोच. पण त्याच वेळी मनात वारसांचे नंबर, १अ, १ब, १क, लागत असतात. लेकींची नावं नाना आवर्जून विचारतात. २००५च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगीही जन्मानंच हिस्सेदार झाली. घाटावर उभे असलेले भाऊ हे विसरलेले असतात, नाना विसरत नाहीत.

खुद्द नानांच्या वावराचा बांध त्यांच्या चुलतभावानं दीड हात खाल्लेला आहे. सगळ्या कोर्टाला ठाऊक आहे. नानांनी दावा केलेला नाही. कारण विचारलं तर म्हणतात, "स्टॅम्प परवडत नाही." ज्याच्या पिशवीत बारा महिने तेरा काळ कोर्ट फीची तिकिटं असतात त्या माणसाचं हे उत्तर. शेवटी एका ज्युनियरनं, हौसच म्हणा, स्टॅम्पसकट दावा फुकट लावून देतो म्हटलं. नानांनी हात जोडले. "साहेब, माझं वय बासष्ट. निशाणी पाच लागंस्तोवर चौसष्ट. पुढं १अ, १ब म्हणून माझी पोरं येणार. त्यांनी कुणाच्या कारकुनाला चहा पाजायचा?"

स्टॅम्पचा विषय निघालाच आहे म्हणून. महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट अशा कामांत कोर्ट फी माफ आहे. ही अधिसूचना नानांची सगळ्यात लाडकी. दावा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्यांचा पहिला प्रश्न, "जमीन कुणाच्या नावावर?" आणि उत्तर ऐकायच्या आतच दुसरा, "वहिनींचं नाव सातबाऱ्यावर आहे का?" स्त्रियांच्या हक्कांबद्दल तालुक्यात एवढी आस्था असलेला दुसरा पुरुष सापडणं अवघड.

नव्या ज्युनियरांत आता मुली पुष्कळ. पहिले काही महिने नाना त्यांना ताई म्हणतात. पहिली उलटतपासणी बरी झाली की मॅडम. हे बढतीचं खातं पूर्णपणे त्यांच्याकडं आहे, साहेबांचा त्यात हस्तक्षेप नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा हिंदुस्थानात यायला १९२३ साल उजाडलं. ३१ वर्षांचा मुदत अर्ज. त्यावर खर्चाची ऑर्डर झाल्याचं ऐकिवात नाही.

निकाल लागला की पक्षकार पेढे आणतो. नाना पेढा घेतात, पण कपाळाला लावतात आणि खिशात ठेवतात. हुकूमनामा हातात पडणं वेगळं आणि जमिनीवर उभं राहणं वेगळं. हुकूमनाम्याची बजावणी करून घ्यायला नवं काम लावावं लागतं, त्याला दरखास्त म्हणतात. ती लावायला १२ वर्षांची मुदत आहे, त्यावरून चालायला किती लागतील याचा अंदाज करावा. मग बेलिफ, मग मोजणी, मग ताबा देताना अंगावर धावून येणाऱ्या म्हाताऱ्या, मग पोलीस बंदोबस्ताचा अर्ज. दावेदाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १८७२ साली म्हणून ठेवलंय. नानांना प्रिव्ही कौन्सिलचं मत माहीत नाही. ते पेढा दरखास्तीपर्यंत खात नाहीत इतकंच.

फौजदारीकडं नाना फारसे रमत नाहीत. तिथं माणूस आत असतो, त्यामुळं पक्षकाराला मुदत नको असते, आणि मुदत नको असलेल्या माणसाशी काय बोलायचं हा नानांना प्रश्न पडतो. पण कलमांचे आकडे त्यांना मुखोद्गत होते. होते, असंच म्हणायला हवं. कारण १ जुलै २०२४ला १८६०ची दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं. फसवणुकीचं ४२० गेलं आणि ३१८चं चौथं पोटकलम आलं. नाना दोन दिवस गप्प होते. "आता माणसाला म्हणायचं काय? तीनशेअठराचार?" गावातल्या एका इरसाल गृहस्थाचं टोपणनाव यामुळं एका रात्रीत कायद्यानं रद्द झालं, याची त्यांना खरीखुरी हळहळ वाटली. त्यात पुन्हा मेख अशी की ३० जून २०२४पर्यंत घडलेला गुन्हा जुन्याच संहितेखाली. म्हणजे कितीतरी वर्षं दोन्ही आकडे सांभाळायचे. नानांनी डायरीच्या पुठ्ठ्याला आतून दोन रकान्यांचा कागद चिकटवलाय, डावीकडं जुने, उजवीकडं नवे. न वटलेल्या चेकचं १३८ तेवढं जागचं हललं नाही, कारण ते १८८१च्या वेगळ्याच कायद्यातलं. त्या आकड्याकडं नाना हल्ली फार मायेनं बघतात.

दुसरा घाव मोबाईलनं घातला. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख, स्टेज, हुकूम, सगळं घरबसल्या दिसतं. पूर्वी तारीख ही नानांच्या डायरीत असायची आणि ती बघायला तालुक्याला यावं लागायचं. आलं की चहा, चहाबरोबर चौकशी, चौकशीबरोबर थोडं मागचं येणं. आता पोरगा बांधावर उभा राहून नानांनाच फोन करतो, "नाना, अठरा तारीख पडली बघा." नाना शांतपणे म्हणतात, "मला ठाऊक आहे," आणि फोन ठेवून अठरा तारीख लिहून घेतात. मात्र अठराला साहेब रजेवर आहेत, म्हणजे बोर्ड चालायचं नाही, हे अ‍ॅपला ठाऊक नसतं. ते सांगायला नाना तो फोन पुन्हा लावतात. ज्ञानाचा मक्ता असा पूर्ण जात नाही.

अपिलाचा रस्ता मात्र जवळ आला. कालपर्यंत उच्च न्यायालय म्हणजे रात्रीच्या एसटीनं मुंबई, मांडीवर फाईल, सकाळी स्टँडवरच तोंड धुणं. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची सोय झाली. सगळा पश्चिम महाराष्ट्र यासाठी वर्षानुवर्षं भांडत होता, नानाही बारच्या मंडपात सतरंजीवर बसून आलेले. तरी 'काम हायकोर्टात आहे' या वाक्याचं वजन कमी झालं, अशी त्यांची तक्रार आहे. मुंबईला असताना कसं, समोरचा माणूस ऐकूनच निम्मी तडजोड करायचा.

पैशाचं बोलायचं तर नानांचं ठरलेलं काही नाही. साहेबांची फी ठरते, पक्षकार उठतो, आणि साहेब खिडकीबाहेर बघत म्हणतात, "कारकुनाचं काय ते बघा." त्या 'काय ते' वर नानांची दोन मुलं शिकली. ज्युनियरची अवस्था याहून नाजूक, कारण त्याच्यासाठी 'काय ते'सुद्धा कुणी म्हणत नाही. सनदेची नोंदणी फी ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली सांगितलं, ते बरं झालं. पण आत आल्यावर खायचं काय? त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ते परिपत्रक एका ज्युनियरनं नानांना मोबाईलवर दाखवलं. नानांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं आणि फोन परत दिला. "शिफारशीवर दरखास्त चालत नाही, साहेब." मग पिशवीतून डबा काढून अर्धी भाकरी त्याच्यापुढं सरकवली. शेंगदाण्याची चटणी होती.

नानांना एकच गोष्ट येत नाही, म्हणजे करता येत नाही. कोर्टापुढं बोलायचा हक्क सनदवाल्याला, नाहीतर खुद्द पक्षकाराला. दावा कुणी टाईप केला, तिकिटं कुणी लावली, वारस कुणी शोधले, साक्षीदाराला पहाटेच्या गाडीनं कुणी आणलं, सगळं नानांनी. पण डायसपुढं नाना मुके. ते दाराच्या चौकटीत उभे राहतात आणि हातवारे करतात. बोट वर: पान उलटा. मूठ मिटलेली: बसा आता. खोकला: साक्षीदार खोटं बोलतोय. दोनदा खोकला: आपला साक्षीदार खोटं बोलतोय. वरच्या साहेबांना ही भाषा दोन-तीन महिन्यांत कळायला लागते. कळल्याचं ते दाखवत नाहीत.

ज्युनियर उभा आहे. 'वादीतर्फे हजर' झालंय, आवाज फुटलाय, आणि त्यामुळंच धीर चेपून तो आता घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाकडं वळतोय. बांधाच्या दाव्यात. समोरचे वकील हसू लपवायला फाईल वर धरतात. वरचे साहेब चष्मा काढून टेबलावर ठेवतात. दारातून नाना उजव्या हातानं हवेत एक आडवी रेघ ओढतात. ज्युनियर वाक्य मध्येच सोडतो.

"साहेब, कागद दाखल करायला मुदत मिळावी."

"मंजूर. २०० रुपये खर्च."

बाहेर व्हरांड्यात नाना डायरीत पुढची तारीख लिहून होतात, पेन खिशाला लावतात आणि ज्युनियरला जरा बाजूला घेतात. "२०० रुपये पक्षकाराकडून घ्या. चौदाव्या अनुच्छेदाचं त्याला सांगू नका."